सोबतीला कोण आहे?

कोकणातल्या घरातून कोणी बाहेर जायला निघाले, की ओटीवर बसलेले वडील माणूस आधी एकच गोष्ट विचारते : "सोबतीला कोण आहे?" कोठे निघालास, कशासाठी निघालास, पैसे घेतलेस का, हे सगळे मागाहून. माझी आजी तर दिवेलागणीनंतर विहिरीवर जाणाऱ्यालाही हे विचारल्यावाचून सोडत नसे. उत्तराची मात्र तिला फारशी पर्वा नसावी. "मोत्या आहे" एवढे सांगितले तरी तिचे समाधान होई. आणि मोत्या हा आमच्या घरातला सर्वांत भित्रा प्राणी होता. पुढे मला मुंबईला नोकरी लागली. एस. टी.त चाळीस उतारू असत, तरी आजीचा प्रश्न चुकला नाही. आम्ही मुले तिला हसत असू. यंदा गणपतीसाठी जयगडला गेलो असता तोच प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला, आणि त्याचे जे उत्तर मिळाले ते तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

जयगड ज्यांनी पाहिले नाही त्यांना एवढे सांगितले पाहिजे, की इथे शास्त्री नदी समुद्राला मिळते. संगमेश्वराकडून वळणे घेत आलेली ही नदी मुखाशी एवढी रुंद होते, की पलीकडचे तवसाळ परमुलूख वाटावा. अलीकडे किल्ला, त्याच्या पुढे टोकावर १९३२ साली उभारलेले दीपगृह. हल्ली खाडीतून फेरीबोट मोटारी घेऊन जा-ये करते आणि नव्या बंदरात कोळशाची अजस्र जहाजे लागतात. पण वादळाची सूचना आली, की थेट गुजरातच्या मच्छीमार नौकादेखील आसऱ्याला ह्याच खाडीत शिरतात. असा हा भला आसरा. मात्र त्याच्या तोंडाशी ओहोटीचे, आमच्याकडे म्हणतात त्या सुकतीचे, पाणी किती ओढीने बाहेर जाते, हे आसऱ्याला आलेल्याला कळत नाही. ते इथल्या पोरांना कळते. निदान कळायला हवे.

आमच्या दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. तो बऱ्याच वर्षांनी गणपतीला आला होता. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर पश्चिमेच्या डोंगरांत जातो आणि तिथे बर्फावर स्नोमोबाइल नावाची गाडी चालवतो. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा, वर मोटारसायकलीसारखी बैठक. वजन दोनशे किलोंहून अधिक. ही गाडी उभ्या डोंगराच्या छातीवर जेवढी चढेल तेवढी चढवायची आणि दम संपण्यापूर्वी वळवून खाली आणायची, असा तो खेळ. त्याने फोनवर चलचित्रे दाखवली. मोदकांच्या पाऱ्या करता करता सगळ्या बायकांनी ती पाहिली. दिसायला सारे कापूस पिंजून पसरल्यासारखे मऊ. तरीही वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ह्याला. माझं काही ऐकत नाही."

आता मी काय सांगणार? ज्या गावात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्या समुद्रावर निघतात, तिथे बसून जिवाला जपण्याचा उपदेश करणे मला जमेना. पोटासाठी जाणे वेगळे आणि मौजेसाठी जाणे वेगळे, हे खरे. परंतु मौजेसाठी सह्याद्रीचे कडे चढणारी आपली मुले आपण वर्तमानपत्रात कौतुकाने वाचतोच. मग मी नुसते विचारले, "सोबतीला कोण असतं रे तुझ्या?"

तो खुलला. त्याने मला जे समजावले ते मी जमेल तसे सांगतो. त्या डोंगरांत बर्फ एकावर एक थरांनी साचतो. एखादा थर मधेच साखरेच्या दाण्यांसारखा भुसभुशीत राहतो आणि त्यावर नव्या बर्फाची जाड लादी बसते. वरून सारे एकसंध दिसते. गाडीचा भार त्या कच्च्या थराला पोचला, की लादी तडकते आणि अख्खा उतार एकदम सुटतो. दरड म्हणजे काय हे महाराष्ट्राला शिकवायला नको. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी आपण पाहिली आहे. ही बर्फाची दरड. तिच्याखाली गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला, तर दहांपैकी नऊ वाचतात. अर्धा तास गेला तर दहांपैकी तिघेच. सुटकेची पथके कितीही तत्पर असली तरी दहा मिनिटांत तिथे कोण पोचणार? म्हणून जो वाचवणार तो बरोबर आलेलाच. प्रत्येकाच्या छातीला एक लहानसे यंत्र बांधलेले असते; ते सतत संदेश सोडत राहते आणि गाडल्या गेलेल्याचा माग त्यावरून इतरांना लागतो. शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर बर्फात खुपसून पाहायची घडीची लांब सळई आणि एक फावडे.

"म्हणजे काका," तो म्हणाला, "माझं फावडं माझ्यासाठी नसतंच. माझ्यासाठीचं फावडं दुसऱ्याच्या पाठीवर असतं."

हे वाक्य मला फार आवडले. वहिनींना मुळीच आवडले नाही.

पण खरी गोष्ट पुढेच होती. उतारावर एका वेळी एकानेच चढायचे. बाकीच्यांनी दूर, सुरक्षित जागी, उताराकडे तोंड करून थांबायचे आणि त्याच्यावरची नजर काढायची नाही. गाड्यांचा आवाज एवढा असतो आणि डोक्यावर शिरस्त्राण असे असते, की हाका मारून काही उपयोग नाही. जे काय ते डोळ्यांनी. आणि वर गेलेला मित्र बर्फात रुतला, हातवारे करू लागला, तरी त्याच्या मदतीला वर धावायचे नाही. दुसऱ्या गाडीचा भार पडला, की जो उतार एकाला पेलत होता तो दोघांना पेलत नाही. त्याला त्याची गाडी त्यानेच उपसू द्यायची. आपण पाहत राहायचे. उतार सुटलाच, तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा मनात खिळ्यासारखी ठोकून ठेवायची, कारण तिच्याखालीच शोध सुरू होतो.

त्याने मला २००८ सालची एक हकीकत सांगितली. ती त्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी २८ डिसेंबरला, ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावाजवळच्या डोंगरात, स्पारवुड ह्या कोळसाखाणींच्या लहानशा गावचे अकरा जण स्नोमोबाइल घेऊन गेले होते. त्यांतली एक टोळी हिमलोटाखाली सापडली. दुसऱ्या टोळीतले मित्र लागलीच धावून आले आणि खणू लागले. ते खणत असतानाच दुसरा लोट आला आणि वाचवणारेही गाडले गेले. अकरांपैकी तिघे जिवंत परतले. उतार अजून सुटत होता, म्हणून बाकीच्यांना तिथेच सोडून त्यांना निघावे लागले. धावून आलेल्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही धावलो असतो. किंबहुना धावणे सोपे, असे मला वाटते. मित्र गाडला गेला असताना पाच क्षण उभे राहून वरच्या उताराकडे पाहणे, हेच माणसाच्या हातून होत नाही.

आपण लहानपणापासून सोबत्याची जी चित्रे पाहिली, ती सगळी धावणाऱ्यांची आहेत. १६६० सालचा बाजीप्रभू आपल्या रक्तात आहे, आणि तो असावाच. परंतु त्या कथेतही एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो : महाराज विशाळगडावर पोचल्याच्या तोफा व्हायच्या, हे आधी ठरलेले होते. मरणाच्या तोंडी उभा असलेला तो पुरुष कान लावून होता. इसापनीतीतल्या अस्वलाच्या गोष्टीत झाडावर चढलेल्या मित्राची आपण सगळ्यांनी शाळेत छीःथू केली. मला आता त्या बिचाऱ्याची थोडी कणव येते. अस्वलाशी कुस्ती धरून तो काय मोठेसे साधणार होता? त्याला विचारायचेच तर एवढे विचारावे, की झाडावर बसून तू खाली पाहत होतास की डोळे मिटून घेतले होतेस?

हे मी अस्वलाच्या मित्राला विचारतो आहे खरा, पण तो प्रश्न मलाच एकदा विचारला गेला होता.

१९६६ साल. मी चौदा वर्षांचा, दादा पंधराचा. कोजागिरीच्या आदला दिवस, म्हणजे उधाणाचे दिवस. दुपारचे जेवण करून आम्ही शेजारच्यांची लहान होडी न विचारता काढली. सोबतीला कोण, असे आजीने विचारले तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले होते. खाडीत जरा आत गेल्यावर दादाने टूम काढली, की तो जो पडाव नांगरून पडला आहे तिथपर्यंत मी पोहत जातो, तू होडी घेऊन मागून ये. त्याच वेळी मला एक गोष्ट दिसली. सकाळी जेव्हा आम्ही धक्क्यावर होतो, तेव्हा भरती चढत होती आणि नांगरलेल्या होड्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. आता त्या सगळ्या फिरल्या होत्या. त्यांची तोंडे संगमेश्वराकडे झाली होती. सुकती लागली होती, आणि ती उधाणाची सुकती होती. एवढे कळायला आमच्या गावात शहाणपण लागत नाही. मी बोललो नाही. बोललो असतो तर दादा म्हणाला असता, "घाबरलास होय?" आणि ते मला त्या वयात बुडण्याहून वाईट वाटत होते.

दादाने उडी मारली. वीस-तीस हात तो नीट गेला. मग त्याचे डोके पडावाच्या रेषेतून हळूहळू बाजूला सरकू लागले, आणि मग हळूहळू राहिले नाही. तो हात मारीत होता तिकडे जात नव्हता. मी वल्हे टाकून उभा राहिलो आणि किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन ओरडलो. परत वळून पाहतो तो पाण्यावर नुसते ऊन. डोके नाही, हात नाही. लक्ष लक्ष चकचकत्या लाटांत काळा ठिपका कुठे शोधावा? मी एका जागी पाहू लागलो, ती जागा खरी की पलीकडची, तेही सांगता येईना.

थोड्या अंतरावर एक म्हातारा आपल्या होडीत बसून जाळे सांधत होता. तो ओरडला नाही की घाईने उठलाही नाही. आम्ही होडी काढली तेव्हापासून त्याचा डोळा आमच्यावर असला पाहिजे. त्याने होडी वल्हवली ती दादा होता त्या दिशेने नाही, खाली समुद्राच्या बाजूला, तिरकी. दादा जिथे येणार होता तिथे. मला रिकामे दिसणारे पाणी त्याला रिकामे नव्हते. केसांना धरून त्याने दादाला वर घेतले, पालथा घालून पाणी काढले, आणि मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "बोंब मारायला तोंड लागतं रे पोरा. डोळे कशाला फिरवलेस?"

पुढे कधीतरी मी वाचले, की मोठ्या जहाजांवर कोणी समुद्रात पडला तर एका खलाशाला दुसरे सारे काम सोडून एवढेच करायला लावतात : पडलेल्याकडे बोट दाखवत उभे राहायचे. दोर दुसरा टाकील, जहाज तिसरा वळवील. ह्याने फक्त हात लांब करून त्या माणसाकडे पाहत राहायचे, कारण एकदा नजर सुटली की समुद्र त्याला परत दाखवीलच असे नाही. जयगडच्या त्या निरक्षर म्हाताऱ्याने मला हाच धडा दिला होता.

तेव्हा पुतण्याचे ऐकून मला समाधान वाटायला हवे होते. यंत्र, सळई, फावडे, नजर, सगळे शास्त्रशुद्ध. मी म्हटले, "बरोबरची माणसं चांगली दिसतात."

"चांगली आहेत," तो म्हणाला. "आधी पाच जण होतो, आता चौघे जातो. एक जण होता, तो दर खेपेला काहीतरी काढायचा. आज वारा फार झालाय, आज बर्फ बरोबर वाटत नाही, आज खालच्या रानातच फिरू. सगळ्यांचा मूड जायचा. हल्ली त्याला बोलावत नाही."

त्याने हे अगदी सहज सांगितले. पाऱ्या करणारे हात चालू होते. मी मात्र एकदम १९६६ सालच्या त्या होडीत जाऊन बसलो. ज्याला होड्यांची तोंडे फिरलेली दिसतात आणि जो ते बोलून दाखवतो, त्याला ह्या मंडळींनी उतरवून ठेवले होते. चार फावडी बरोबर होती आणि पाचवा माणूस घरी होता.

१९८५ साली पेरूच्या बर्फाळ डोंगरात जो सिम्पसनचा पाय मोडला आणि सायमन येट्सने त्याला दोराने टप्प्याटप्प्याने खाली सोडायला आरंभ केला. अंधार, वादळ, सिम्पसन एका कड्याखाली लोंबकळत राहिला आणि त्याच्या भाराने येट्सही ओढला जाऊ लागला, तेव्हा येट्सने दोर कापला. दोघेही जगले, हा चमत्कार. दोर कापावा की नाही, ह्यावर जगाने पुष्कळ वाद घातला. खुद्द सिम्पसनने मात्र आपल्या मित्राचीच बाजू घेतली. त्या वादात मला फारसा रस वाटत नाही. जिथे दोर कापायची वेळ येते तिथे माणसाला निवड अशी उरलेलीच नसते. त्याच्या बऱ्याच आधी, चुलीचा गॅस संपत येतो, ढग खाली येतात, दिवस कलतो, तेव्हा कोणीतरी काहीतरी पाहिलेले असते. ते बोलायचे की गिळायचे, ही निवड मात्र खरी असते, आणि तिची कादंबरी कोणी लिहीत नाही.

ह्यावर दुसरी बाजू आहे. दर खेपेला "नको" म्हणणारा खरोखरच भित्रा असू शकतो. आमच्या मोत्यासारखा वाऱ्यावर भुंकणारा. त्याचे ऐकत बसले तर कोणी उंबराही ओलांडणार नाही. मी ही शंका गावातल्या एका जुन्या तांडेलापुढे ठेवली. तो हसला. होडीवर हा प्रश्नच नाही, म्हणाला. परत फिरायचे की नाही ते तांडेल ठरवतो. खलाशाने आपल्याला दिसले ते सांगायचे. ऐकायचे की नाही हे तांडेलाचे, पण सांगणाऱ्याला हसायचे नाही. हसलात, की पुढच्या वेळी त्याला दिसेल आणि तो सांगणार नाही. परत फिरणे त्याला स्वस्त नसते. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, सगळे अंगावर पडते. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ ह्या किनाऱ्यावरून गेले, कित्येक नौका बुडाल्या, कित्येक घरांतले पुरुष परतले नाहीत. तो त्या दिवशी आत होता की बाहेर, हे मी विचारले नाही, आणि त्यानेही काढले नाही. मी एवढेच मनात म्हटले, की ज्याला परतण्यासाठी कर्ज डोक्यावर घ्यावे लागते तो "परतू या" हा शब्द तोंडातून काढू शकतो, आणि ज्याचे केवळ एका सुट्टीचे हसे होणार असते त्याच्या तोंडून तो निघत नाही. मित्रांच्या टोळीत कोणी तांडेल नसतो. सगळे सारखे, सगळे हौशी, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असतात. उताराकडे कोण पाहणार?

पुतण्याला मी हे सगळे सांगितले नाही. गौरीजेवणाच्या दिवशी, तो पान खात ओटीवर बसला असता, एवढेच म्हटले की तुमच्या त्या पाचव्याला विचारून बघ, त्याला काय दिसायचं ते. तो जरा गंभीर झाला, मग म्हणाला, "काका, त्याला बहुधा बरोबरच दिसायचं." पुढे तो काही बोलला नाही. आता नोव्हेंबर लागेल आणि तिकडच्या डोंगरांत बर्फ साचू लागेल. वहिनी दर रविवारी फोन करतात आणि, मी ऐकले आहे, आधी तोच प्रश्न विचारतात.

विसर्जनानंतर, मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, दादा आणि मी धक्क्यावर जाऊन बसलो. आमची आता पंचाहत्तरीच्या अलीकडची-पलीकडची वये. धक्क्याच्या पायऱ्या उतरायचे दोघांनीही सोडून दिले आहे. दीपगृहाचा झोत फिरू लागला होता. नांगरलेल्या होड्या सुकतीवर फिरून आत तोंड करून उभ्या होत्या. साठ वर्षे जे बोललो नव्हतो ते मी त्या वेळी बोललो. म्हटले, "दादा, त्या दिवशी तू उडी मारलीस ना, त्याच्या आधी मला होड्यांची तोंडं फिरलेली दिसली होती. मी बोललो नाही."

दादा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मलाही दिसली होती."

"मग उडी कशाला मारलीस?"

"तू काही बोलला नाहीस म्हणून," तो म्हणाला, आणि विजेरी आणलीस का, म्हणून विचारू लागला. वाटेत अंधार फार होतो.